नवऱ्याचा पूल

“हा पूल सरकारचा नाई सायेब, माह्या नवऱ्याचा हाये.”

चांगुणाबाई एकदा असं म्हणाली होती. पुलाची पाहणी करायला आलेल्या एका साहेबाने गाडीतून उतरून, मान वर करून, हवेलाच विचारलं होतं की हे लोखंड नक्की कुणाचं आहे. त्याला उत्तराची अपेक्षा नव्हती. हाच प्रश्न घेऊन तो बरीच कार्यालयं हिंडून आला होता आणि कुठेही त्याला चहापलीकडे काही मिळालं नव्हतं. चांगुणाबाई तिथे टोपलं सांभाळत बसची वाट बघत उभी होती. तिने उत्तर दिलं आणि पदराने तोंडावरची धूळ पुसली. जमलेली माणसं हसली. तिचा नवरा कडूबा पुलाच्या दगडी खांबाला टेकवलेल्या त्याच्या पत्र्याच्या पंक्चर-टपरीत बसला होता. तोही हसला, पण उशिरा, सगळ्यांचं हसून झाल्यावर, माणूस नाइलाजाने वर्गणी देतो तसा.

साहेबाने ते वाक्य लिहून घेतलं नाही. घेतलं असतं तर त्या पुलाबद्दल सरकारदरबारी एक तरी खरं वाक्य जमा झालं असतं.

खामगावच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत, हिवरटाकळी नावाचं गाव आहे. इंग्रजांच्या काळात तिथे एका शेटजीची जिनिंग होती. कापसाच्या गाठी थेट वाघिणीत चढाव्यात म्हणून शेटजीने रुळांची एक फांदी गावापर्यंत ओढून आणली. पुढे जिनिंग बुडाली. वारस नागपूर-सुरतेकडे पांगले. रूळ काही खात्याने उचलले, काही गावाने. आजही गावातल्या बऱ्याच गोठ्यांची छपरं आगगाडीच्या रुळांवर उभी आहेत आणि त्यांच्याखाली म्हशी निवांत रवंथ करतात. उरला तो मातीचा बांध, आणि तो बांध जिथे गावचा रस्ता ओलांडतो तिथला लोखंडी पूल. त्याच्यावरून जाणारं काही राहिलं नव्हतं, पण त्याच्याखालून सगळ्यांना जावं लागत होतं. आणि तो बुटका होता. बैलगाडीच्या काळातल्या माणसांनी बैलगाडीपुरतं आभाळ ठेवलं होतं.

खालचा रस्ता एका खात्याचा होता. वरचं लोखंड दुसऱ्या खात्याचं की वारसांचं, हे ठरत नव्हतं. मधली हवा कुणाचीच नव्हती. त्या हवेवर कडूबाचा धंदा चालत होता.

चालत होता तो असा. कुटाराने, म्हणजे गुरांच्या भुश्याने, फुगलेला ट्रक, कापसाची गाडी, नाहीतर रस्ता चुकलेला एखादा परमुलखातला कंटेनर यायचा आणि पुलाखाली अडकायचा. पुढे सरकत नाही, मागे निघत नाही. ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवायचा, मग शिव्या द्यायचा, मग बिडी पेटवायचा. तिन्ही झाल्यावर कडूबा टपरीतून उठायचा. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. तो चाकापाशी उकिडवा बसायचा, खिशातली छोटी किल्ली काढून हवा सोडायचा, एकेक चाक करत. ट्रक म्हाताऱ्या उंटासारखा हळूहळू खाली बसायचा, चार बोटं, आणि सरपटत पलीकडे निघायचा. पलीकडे गेल्यावर पुन्हा हवा भरायची आणि दोन्हींचे पैसे घ्यायचे. पंक्चर नशिबाने होतं. पूल रोज होता.

उंची लिहिलेली एक पाटी पुलावर होती. ती कुणाला दिसत नसे, कारण तिच्यावर ‘पूल हटाव कृती समिती, हिवरटाकळी’ असा फलक ठोकलेला होता. समितीचा अध्यक्ष कडूबा होता.

हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं. अध्यक्ष असा पाहिजे की जो केव्हाही जागेवर सापडेल, आणि पुलापाशी केव्हाही सापडणारा माणूस एकच होता.

या सगळ्याची सुरुवात आपल्या कपाटापासून झाली, असं चांगुणाबाई सांगते. तिचं माहेर लोणारकडचं, सुलतानपूर. लग्न लागलं आणि ट्रक हिवरटाकळीला निघाला. ट्रकात वऱ्हाड, भांडी, गाद्या, आणि तिच्या बापाने दिलेलं लोखंडी कपाट. आडवं घातलं तर आरसा फुटेल म्हणून ते उभं बांधलेलं. पुलाखाली कपाटाचा माथा गर्डरला जाऊन भिडला आणि पाचर बसावी तसा ट्रक तिथेच बसला. वऱ्हाडातल्या जाणत्यांनी डोकी चालवली. कुणी म्हणालं कपाट कापा, कुणी म्हणालं नवरीला उतरवा, अपशकुन आहे. तेव्हा नवरदेव खाली उतरला. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, हातांना हळद. तो चाकापाशी उकिडवा बसला आणि एका खिळ्याने त्याने हवा सोडली. ट्रक खाली बसला, कपाट सुटलं, वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. त्या पोराला आयुष्यात टाळ्या पहिल्यांदाच मिळत होत्या. ट्रकातून वाकून बघणाऱ्या नवरीला तो त्या क्षणी आवडला होता. हे ती कुणाला सांगत नाही. पण कपाटाच्या माथ्यावरचा तो पोचा तिने आजपर्यंत ठोकून घेतलेला नाही.

सांगते ते वेगळं. “लोकाच्या बायका नवऱ्याले लेकरं देतात,” ती म्हणते. “मीनं याले धंदा बी देल्ला.”

लेकरंही तिने दिली. दोन मुली, दोघी आपापल्या घरी गेल्या. त्यांची लग्नं, बाळंतपणं, रुसवेफुगवे सगळं चांगुणाबाईच्या कुरोड्यांवर निघालं. कडूबाची हवा चहापाण्यापुरती होती. पण हे गावात कुणी मोठ्याने बोलत नसे, अध्यक्षांचा मान म्हणून.

कुरोड्या म्हणजे काय हे पुण्यामुंबईच्या माणसाला दुकानातल्या कुरडईच्या पिशवीतून कळतं. चांगुणाबाईच्या हातची कुरोडी आधी अंगणात बघावी. भिजवलेल्या गव्हाचा चीक काढायचा, तो रटरट शिजवायचा, गरम असतानाच साच्यात भरून खाटेवरच्या धोतरावर पाडायचा. ऊन लागलं की ती पांढरी, जाळीदार, काचेसारखी होते. काचेसारखीच मोडतेही. खामगावच्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला अख्खी कुरोडी लागते. मोडलेलीची चव तीच असते, पण ताटात तिची इज्जत राहत नाही.

बस पुलापर्यंत यायची आणि पुलापाशीच वळायची. तिचं छत खालून जात नसे. गाव पलीकडे, दीड-दोन किलोमीटर आत. तेवढं अंतर टोपलं डोक्यावर घेऊन चालायचं. रस्ता खड्ड्यांचा. पाऊल वाकडं पडलं की टोपल्यात कर्र असा आवाज व्हायचा. तो आवाज तिला कानातून नाही, कवटीतून ऐकू यायचा. काळीपिवळी जीप खालून जायची, पण तिच्यात माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली; टोपल्याला जागा कोण देणार. बसचं मागचं लांब सीट मात्र टोपल्याला खाटेसारखं होतं. बस दारातून निघाली असती तर कुरोडी अंगणातून उठून बाजारात जशीच्या तशी बसली असती. चांगुणाबाईला आयुष्याकडून एवढंच हवं होतं, आणि ते एका लोखंडाच्या पलीकडे होतं.

मोडलेला चुरा संध्याकाळी घरी परत यायचा. कांदा घालून त्याची भाजी व्हायची. “आमच्या घरी पुलाची भाजी असते,” ती म्हणायची, आणि कडूबा खाली मान घालून ती खायचा.

बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हा गावातल्या सगळ्या बायका खूश झाल्या. चांगुणाबाई म्हणाली, “तिकीट अर्धं झालं, बस बी अर्ध्याच रस्त्यावर सोडते. हिशोब बरोबर हाये.”

कृती समितीचं काम जोरात होतं. बैठका पुलाच्या सावलीत भरत, कारण फाट्यापासून गावापर्यंत उन्हाळ्यात तेवढीच सावली होती. पूल हटवण्याची मागणी पुलाखाली थंडाव्याला बसून केली जाई. गावात कुणी नवा साहेब, नवा पुढारी आला की त्याला निवेदन मिळे. निवेदन देतानाचा फोटो निघे. फोटोत कडूबा नेहमी डावीकडून दुसरा असे. त्याचं पोट अजिबात सुटलेलं नव्हतं, पण फोटोत तो ते सुटल्यासारखा उभा राही.

तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाचं इतक्या कमीत भागत नाही. पूल हटावा असं तो मनापासून बोलायचा, कारण पूल हटणार नाही याची त्याला मनापासून खात्री होती. गावाचंही तसंच होतं. गणपती बसलेला आणि बुटका आणायचा, डीजेची भिंत पुलाअलीकडेच उतरवायची, वरातीतला घोडा वाकत नाही म्हणून नवरदेवाने वाकायचं, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. लोखंड वर होतं आणि माना खाली होत्या, आणि त्यालाच गाव आपली चालरीत म्हणत होतं.

एकदा रास्ता रोको ठरला. नेमका त्या दिवशी कुटाराचा ट्रक अडकलेला होता, त्यामुळे रस्ता वेगळा रोखावा लागला नाही. समितीने ट्रकपुढे बॅनर धरला, घोषणा दिल्या, फोटो काढला. फोटो झाल्याबरोबर अध्यक्ष बॅनरचं टोक दुसऱ्याच्या हातात देऊन हवा सोडायला गेले.

चांगुणाबाई टोपलं घेऊन कडेला उभी होती. सोबत जनकाबाई. जनकाबाई भीमनगरातली, खामगावच्या एका शाळेत शिपाई, रोजची बसवाली. दोघींची मैत्री याच पुलाखाली वाट बघून बघून झालेली.

“तुमचे मालक दोनी बाजूनं हायेत वो चांगुणाबाई,” जनकाबाई म्हणाली.

“दोनी बाजूनं नाई माय, मधात हायेत. अडकेल.”

कडूबाने चाकापासून मान वर केली. “सार्वजनिक कामात घरचं बोलू नये चांगुणे.”

“घरचं कुठी बोलून राह्यली? घरचं बोलाले तुमी घरी असता काय?”

“आंदोलन चालू हाये.”

“दिसून राह्यलं. हवा निंगून राह्यली त्याची.”

ट्रकचा ड्रायव्हर, कुठला तरी हिंदी मुलखातला, त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण तोच सर्वांत जास्त हसला.

मग किसनराव वारले. किसनराव म्हणजे गावचे मोठे शेतकरी, जुने पुढारी. त्यांचा मुलगा अविनाश, ज्याला तालुका अविनाशभाऊ म्हणतो, त्याने आजारी बापाला खामगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथेच ते गेले. अविनाशने बापासाठी शहरातून मोठा स्वर्गरथ मागवला. चारी बाजूंनी काचा, वर फुलांचा मनोरा, मनोऱ्यावर पितळी कळस. गाव पुलापलीकडे हात जोडून उभं होतं. रथ आला आणि पुलाखाली अडकला.

कळस गर्डरमध्ये घुसला होता. भटजी घड्याळ बघत होते. पाव्हणे एकमेकांकडे बघत होते. अविनाश कुणाकडेही बघत नव्हता. शेवटी कडूबा पुढे झाला. त्याने टोपी काढून ठेवली, देहाला नमस्कार केला आणि चाकापाशी बसला. किसनरावांनी हयातभर त्या पुलाखाली भाषणं केली होती. आता ते काचेत पडून होते आणि त्यांच्याखालून हवा सूं करत निघून चालली होती. रथ चार बोटं खाली बसला. कळस तिथेच राहिला.

चांगुणाबाई बायकांत उभी होती. ती काही बोलली तर पाप लागेल म्हणून जनकाबाईने तिचा दंड धरून ठेवला होता. तरी चांगुणाबाई हळूच म्हणाली, “किसनराव मोठे मानूस. जाता जाता अडकून दाखोलं.”

जिवंत माणसांनी वर्षानुवर्षं दिलेल्या अर्जांनी जे झालं नव्हतं ते एका मेलेल्या माणसाच्या खोळंब्याने झालं. खात्यांना अचानक आठवलं की लोखंड कुणाचं आहे. वारसांनी सह्या केल्या. पावसाळ्याआधी क्रेन आली, गॅसकटर आले. अविनाशने नारळ फोडला. समितीच्या अध्यक्षांच्या अंगावर शाल पडली. गर्डर कापताना ठिणग्या उडत होत्या आणि गाव त्या बघून टाळ्या वाजवत होतं. कडूबा शाल घेऊन उभा होता. ठिणगी पडेल म्हणून त्याची टपरी दोन पोरांनी उचलून बाजूला ठेवली, जड नसलेली वस्तू ठेवतात तशी.

लोखंड ठेकेदाराने भंगारात नेलं. दगडी खांब तसेच राहिले. ते पाडायचं अंदाजपत्रकात नव्हतं. त्यांच्या माथ्यावर गर्डर बसवण्याच्या खाचा होत्या, दात पडल्यावर हिरडी दिसावी तशा. मधे मोकळं आभाळ होतं. गावाला त्या आभाळाखालून जाताना काही दिवस उगाच मान खाली घालायची सवय राहिली.

कडूबाची सवय दुसरी होती. ट्रक येताना दिसला की तो टपरीतून अर्धा उठायचा. ट्रक न थांबता, हॉर्नही न देता, धूळ उडवून निघून जायचा. तो अर्धा उठलेला कडूबा मग हळूहळू खाली बसायचा, कुणी त्याचीच हवा सोडल्यासारखा.

त्या दिवसांत चांगुणाबाईने त्याला एकही टोमणा मारला नाही. गावाला वाटलं ती आजारी आहे. तिने भाकरीवर तूप घातलं. एकदा जेवताना म्हणाली, “बस गावात येईन तं इस्टॉपवर टपरी न्या. पंचर काई पुलानंच होते काय. मोटारसायकली किती झाल्या गावात.”

“हाव,” कडूबा म्हणाला.

“लोकं अजून अध्यक्षच म्हंतात तुमाले.”

“कायचा अध्यक्ष. पूलच नाई.”

हे बोलताना तो हसला नाही. तो त्याच्या तोंडून निघालेला बहुधा पहिलाच सरळ शब्द होता, आणि चांगुणाबाईने त्याच्या भाकरीवर अजून थोडं तूप घातलं.

बस लगेच आली नाही. तिला मंजुरी लागते, मंजुरीला पाहणी लागते. ते सगळं होईपर्यंत अविनाशच्या मनात कमान आली. बापाच्या नावाने गावाला प्रवेशद्वार पाहिजे. तालुक्यातल्या इतर गावांना कमानी आहेत. काही गावांत कमान आहे आणि आत गावात पाणी नाही. बैठक जुन्याच जागी भरली, आता सावली नव्हती म्हणून मांडव घालून.

अविनाश खांबांकडे हात करून म्हणाला, “आपल्याले पाया घेनं नाई, पिलर घेनं नाई. दगडी काम हाये, शंभर वर्षं हललं नाई. खाचा बी तयार हायेत. वर लोखंडी तुळई बसवली, खाली बाबांच्या फोटोची पट्टी लटकवली का झालं.”

सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणालाच काही आठवलं नाही. एका म्हाताऱ्याला आठवलं. तो म्हणाला, “पन अविनाशभाऊ, उंची जरा...”

“बाबांच्या कमानीची उंची कमी पडते म्हंता काका?”

“नाई, नाई,” म्हातारा म्हणाला. “बाबांची उंची कोनाले येनार.”

“कडूबाकाका, तुमी अध्यक्ष. तुमचं काय म्हननं?”

सगळ्यांनी कडूबाकडे पाहिलं. त्या खाचांमधल्या लोखंडाखालून काय जातं आणि काय अडकतं, हे सांगायला त्याला फूटपट्टी लागली नसती. तो उठला. बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे इतकी माणसं एकदम बघत होती.

“कमान पायजेच,” तो म्हणाला. “किसनरावांसाठी पायजेच.”

प्रश्न उंचीचा होता, उत्तर किसनरावांचं आलं, आणि ठराव एकमताने पास झाला. जुन्या समितीचंच नाव बदलून ‘स्मृती कमान समिती’ करण्यात आलं. फलक रंगवणाऱ्याने वरची ओळ तेवढी पुसून नवी लिहिली. अध्यक्षांचं नाव होतं तसंच राहिलं. टपरी पुन्हा उचलून खांबाला टेकवण्यात आली.

चांगुणाबाई अंगणात कुरोड्या पाडत होती तेव्हा जनकाबाई येऊन म्हणाली, “कमान होऊन राह्यली म्हंतात. पन खांब तं तेच हायेत वो.”

चांगुणाबाईने साचा दाबला, पांढरी तार धोतरावर गोल गोल उतरली. कडूबा ओट्यावर बिडी ओढत होता. ती त्याच्याकडे वळली.

“बस जाईन ना खालून?”

“हाव.”

“नक्की?”

“जाईन. काऊन नाई जाईन?”

तो बिडीकडे बघत बोलला. ती त्याच्याकडे बघत होती. एरवी ती अशा वेळी सोडत नाही. माणसाच्या तोंडून खोटं निघालं की तिला त्याचा वास येतो. पण टोमण्याचीही माणसाला दमणूक होते. त्या दिवशी तिला विश्वास ठेवायचा होता. ती जनकाबाईला म्हणाली, “आमचे अध्यक्ष म्हंतात जाईन. दुसरं काई नाई तं हे तरी त्यायले समजते.”

जनकाबाईने ओल्या कुरोडीवर बसू बघणारी माशी हाकलली आणि विषय बदलला.

कमानीचं उद्घाटन आणि गावात येणारी पहिली बस, दोन्ही अविनाशने एकाच दिवशी ठेवलं. तुळई आदल्या दिवशी चढली. मांडवासाठी मोठ्या गाड्यांना रस्ता तेव्हाच बंद झाला होता, त्यामुळे तिच्याखालून फक्त मोटारसायकली आणि जीप गेल्या, आणि त्यांना काही अडचण आली नाही. पहिल्या बसमधून गावच्या महिला कमानीखालून येतील, वरून फुलं पडतील, असा कार्यक्रम होता. महिलांना जीपने फाट्यावर नेलं. चांगुणाबाई निघताना मोठं टोपलं घेऊन निघाली, घरातल्या सगळ्यांत अख्ख्या, सगळ्यांत पांढऱ्या कुरोड्या भरून. जीपमध्ये तिने ते मांडीवर धरलं, तान्ह्या लेकरासारखं.

“हे काय घेतलं वो?” एकीने विचारलं.

“फाट्यापासून घरापर्यंत बसमधून नेते. एक बी मोडत नाई हे मले पाहाचं हाये.”

बस आली. ड्रायव्हर ज्ञानेश्वर, खामगाव आगाराचा, इतकी वर्षं पुलापाशी बस वळवून वळवून त्या जागेला कंटाळलेला. आज त्याच्या बसला केळीचे खुंट बांधले होते. अध्यक्षांची बायको म्हणून चांगुणाबाईला पुढचं सीट मिळालं. तिने ते टोपल्याला दिलं आणि स्वतः त्याच्या कडेला टेकली. बस निघाली. खड्डे आले, गेले. टोपल्यात काही वाजलं नाही. ती हसली. जनकाबाई म्हणते, चांगुणाबाईला तसं हसताना आपण पहिल्यांदाच पाहिलं. दात न दाखवता, कुणाला उद्देशून नाही असं.

कमान दिसली. रंगीत दिवे, झेंडूच्या माळा, मधोमध लोंबणारी पट्टी, पट्टीवर फेटा घातलेले किसनराव. पलीकडे मांडव, स्टेज, खुर्च्या. ज्ञानेश्वरने बस हळू केली, मान काचेपर्यंत नेऊन वर पाहिलं आणि थांबवली. स्टेजवरून अविनाशने माइकमध्ये सांगितलं, “येऊ द्या, येऊ द्या ड्रायव्हरसाहेब. आता पूल राह्यला नाई. येऊ द्या.” लोक हसले. बँडवाल्यांनी सुरू केलं. ज्ञानेश्वरने एकदा स्टेजवर बसलेल्या कडूबाकडे पाहिलं, इतक्या वर्षांच्या ओळखीने. कडूबा बसच्या चाकाकडे बघत होता.

बस पुढे सरकली. आधी फुलं पडली. मग पट्टी पत्र्याला घासत गेली. मग धक्का बसला, आणि टोपल्यात कर्र असा आवाज झाला. एकदा नाही, खालपासून वरपर्यंत, एक थर, मग दुसरा.

बस अडकली होती. बँड थोडा वेळ वाजतच राहिला, कारण थांबायचं कुणी सांगितलं नाही. अविनाश माइक धरून उभा होता, आणि त्याच्या बापाचा चेहरा बसच्या काचेवर दुमडून पडला होता. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “अध्यक्ष, हवा काढा,” आणि दुसऱ्याने तेच म्हटलं, आणि मग सगळं गावच म्हणू लागलं, अध्यक्ष, अध्यक्ष.

कडूबा उठला. घाई त्याला आजही नव्हती. डोक्याला सत्काराचा फेटा, अंगात कोरा सदरा, खांद्यावर शाल. त्याने शाल खुर्चीवर ठेवली, स्टेजवरून उतरला, बसपाशी आला आणि चाकापाशी उकिडवा बसला. कोऱ्या सदऱ्याच्या खिशात हात घालून त्याने किल्ली काढली. शोधावी लागली नाही. टपरीत जावं लागलं नाही. ती त्याने सकाळी, घरातून निघतानाच, बरोबर घेतलेली होती. गावाने टाळ्या वाजवल्या. त्याचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी भरल्यासारखा दिसला.

चांगुणाबाई खिडकीतून खाली वाकून बघत होती. फेटा, चाक, खिशातून निघालेली किल्ली. हवा सुटल्याचा सूं असा आवाज बसमध्ये आला. बाकीच्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. आता ती काय बोलते याची सगळ्यांना उत्सुकता होती. गावात तशा क्षणी तिचं वाक्य ऐकायची सवयच होती. जनकाबाईने तिचा दंड धरला नाही.

ती उठली. टोपल्यावरचा कपडा उघडून बघितला नाही. टोपलं डोक्यावर घेतलं, चुंबळ सारखी केली आणि बसच्या दारातून उतरली. कडूबाने चाकापासून मान वर केली. तो थांबला होता. किल्ली व्हॉल्व्हवर तशीच धरून तो तिच्या टोमण्याची वाट बघत होता.

ती त्याच्या शेजारून पुढे गेली, गावाकडे पाठ केली आणि फाट्याच्या रस्त्याला लागली.